ह्यांनी ठेवलेलं कर्ज

३ मार्च, सोमवार
छे, घाबरले नाहीये. अक्षर वाकडं येतंय ते पेन नवीन आहे म्हणून.
झालं एवढंच, लेक म्हणाली, आई, घराच्या लोनला तुझंही नाव लावायचंय, बँक तुझा क्रेडिट रिपोर्ट काढेल. म्हटलं, काढू दे की, माझा फोटो नेहमी झ्याक येतो. ती हसली. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.
रिपोर्टात दिवाळखोरी आहे. आमच्या पडद्यांच्या दुकानाची. दुकान गेलं, त्यात राहतं घरही गेलं, हे लेकीला माहितीये. तेव्हा ती शिकायला लांब होती. बाप कर्ज ठेवून गेला, असं मी सांगितलं. तेव्हापासून लेकीनं बापाचा फोटो कपाटावर ठेवलाय, तोंड भिंतीकडे. पण कोर्टाच्या कागदावर नाव माझं आहे, हे तिला ठाऊक नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडली तर कोर्टाची.
ठरलं. पंधरा दिवसांत नोंद पुसायची.

५ मार्च
बँकेत चौकशीला गेले. बाहेरूनच बघितलं. फार गर्दी. म्हणजे माणसं तीनच होती, पण जाडजूड होती.
उद्या नक्की.

८ मार्च, शनिवार
बँकेची गरजच नाही! नोंद पुसून देणारा माणूस मिळाला. झेरॉक्सच्या दुकानावर पोटमाळ्यात बसतो. एवढ्या उकाड्यात कोट. म्हणाला, मावशी, पाटी कोरी करून देतो. म्हटलं, बाबा, आधी खुर्चीला चौथा पाय लावून घे. ओशाळला. फी मात्र न ओशाळता घेतली.
कर्ज कुणाचं, विचारलं. म्हटलं, मयत नवऱ्याचं. मग सोप्पंय म्हणाला, तक्रार टाकू, कर्ज मयताचं, बाईंचं नाव चुकून लागलं. म्हटलं, टाक. गेलेला माणूस थोडाच उलटून बोलतोय? जिवंतपणी तरी कुठे बोलायचे!
ईमेल मागितला. माझा कसला ईमेल? लेकीचा पाठ होता, तो दिला.
उतरताना दोनदा कठडा धरून थांबले. जिनाच तसला उभा.

१२ मार्च
लेकीबरोबर घर बघून आले. दोनच खोल्या, पण स्वयंपाकघराला खिडकी. लेक ओट्यावरून हात फिरवत उभी, तापल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. म्हणाली, बाबांनी घालवलेलं घर मी परत आणतेय, आई.
मी खिडकीची कडी काढली, लावली, परत काढली. तपासायला नको? कडी चांगली होती.

१४ मार्च
तक्रारीचं उत्तर लेकीच्या ईमेलवर येणार, हे आज सकाळी भांडी घासताना डोक्यात आलं. कढई हातातून सुटली.
उपाय केला. लेक अंघोळीला गेली तसा तिचा फोन पिठाच्या डब्यात पुरला. तो वाजायला लागला. सगळं पीठ थरथरलं. लेक केस पुसत आली, डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हटलं, पिठाला पण तुझी आठवण येते गं. हसली नाही. डॉक्टरकडे जाऊया का, म्हणाली.
उद्या तिला स्वतःच सांगणार. चहा पिताना.

१५ मार्च
चहा फार गरम होता.

१७ मार्च, सोमवार
उत्तर आलं. तक्रार फेटाळली. कर्ज घेणारी मी, सही माझी, दुसऱ्या कुणाचं नाव नाही. खाली कर्ज घेतल्याची तारीख.
लेकीनं तारीख दोनदा वाचली. म्हणाली, आई, बाबा तर याच्या दोन वर्षं आधी गेले.
मी पिठाचा डबा पुसायला घेतला.  
ती स्टुलावर चढली. फोटो उतरवला. बाहीनं पुसला, परत परत पुसला. माझ्या पलंगासमोर खिळा ठोकून लावला. मग लोनवाल्या साहेबाला फोन केला, अर्ज मागे घेते म्हणाली. माझं ताट वाढून ठेवलं, आपलं घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ मार्च
हे बघतायत. मिशीतल्या मिशीत हसतायत असं वाटतं. हसा.
दुकानाला काचा, एसी, माझ्या नावाची दहा फुटी पाटी, ही हौस माझी. कर्ज मी काढलं. बुडवलं मी.
हे गेले तेव्हा दुकान नफ्यात होतं.