पाट दिवसा लागत नाही

१७ जानेवारी १९९५

सोफा नाही, दिवाण नाही, डायनिंग टेबलही नाही — ऑर्डर आली ती पाटांची! एकवीस पाट!

गेंदालाल मिस्त्री म्हणाले, "पटिया ही तो है, इसमें क्या!" मी म्हटलं, पटिया वेगळा, पाट वेगळा. "फर्क बता." सांगता येईना. हात हवेत फिरवले नुसते. मिस्त्री हसले — "तेरी चीज है, तू ही बना!"

फ्रीगंज बाजारातल्या मिस्त्रींच्या या फर्निचरच्या दुकानात आठ महिने झाले. सुरत सोडलं, भुसावळ सोडलं, इंदूरला तर पाच आठवड्यांत कंटाळलो. इथेही पाय सुटायला लागलेच होते. दिवसभर सनमायका चिकटवायचा, दुसरं काय! आता एकवीस पाट होईपर्यंत राहतो.

१९ जानेवारी

नानाखेड्याला, ऑर्डर दिली त्या घरी, माप घ्यायला गेलो. घर नवं, रंगाचा वास येतो. मालक भय्यासाहेब, बँकेतून रिटायर झालेले. त्यांचे पूर्वज मराठी दरबाराबरोबर इकडे आले, म्हणून बोलण्यात मधूनच हिंदी. मुलगी अपर्णा, तिचं लग्न आहे. "वर्षभर टेबलावर जेवतो रे, पण लग्नाची पंगत पाटावरच! एकदम पक्कं!"

मग मला म्हणाले, "पाट म्हणजे काय, सांग बरं."

मी म्हटलं, पाण्याचा! माझा बाप पाटकरी होता. कालव्याची दारं उघडायचा, शेताशेतात पाणी सोडायचा. लहानपणी पाट म्हटलं की मला पाणीच दिसायचं. बसायचा पाट नंतर कळला, कारण आम्ही गोणपाटावर बसायचो!

म्हातारा खूश. खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, संस्कृतात पट्ट. जे सपाट, पसरट, ते पट्ट. त्याचा पाट झाला. नदीची रुंदी — पाट. लिहायची — पाटी. राजाचं आसनही पट्टच, म्हणून त्याच्याजवळ बसते ती पट्टराणी. "आणि पाटील!" म्हणाले. "पट्ट्यावर गावाचा हिशेब लिहायचा तो!" मी म्हटलं, आमच्या चक्कीवाल्याकडे दोन पाट असतात, दगडाचे. "शाबास! तेही तेच!"

मला इतकी मजा आली! सहावीत मास्तर असे असते तर सातवी बघितली असती.

तेवढ्यात चहा घेऊन त्यांच्याकडची स्वयंपाकाची बाई आली. बाई कसली, माझ्याच वयाची. कप ठेवता ठेवता म्हणाली, "अजून एक पाट राहिला, काका. तो नाही सांगितला तुम्ही."

ती आत गेली.

कोणता ते मला माहीत होतं. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न म्हणजे पाट. पाट लावला म्हणतात. अंधार पडल्यावर लावतात. वाजंत्री नाही, सवाशिणी नाहीत, चार माणसं. सकाळी ती नव्या घरी दिसते, की लोकांना कळतं.

"एकाच पाटावर दोघांना बसवायचे, बाकी विधी नाही, त्यावरून असेल," भय्यासाहेब हळूच म्हणाले. "खात्रीचं नाही रे."

माप घ्यायचं विसरलो. उद्या परत जाणं आलं. वाईट वाटलं नाही!

२० जानेवारी

नाव विजया. बऱ्हाणपूरकडची. नवरा ट्रकवर होता, अपघातात गेला. हे मिस्त्रीणबाईंनी आपणहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

विचारलं होतं.

२९ जानेवारी

फजिती! फजिती! आजपर्यंतची सगळ्यात मोठी!

सागवान मस्त होतं. फळ्या रंधून अशा केल्या की गाल घासावा. खाली आडव्या पट्ट्या, कोपऱ्यांत पितळी फुल्या. मग डोक्यात किडा आला — आजकाल सगळ्यांना चकचकीत लागतं, टीव्हीच्या ट्रॉलीलासुद्धा! आपण पाटालाही सनमायका लावू. मिस्त्री म्हणाले, "सोच ले." मी कसला सोचतो! सहा पाटांना लाल सनमायका लावला आणि ठेल्यावर टाकून दाखवायला घेऊन गेलो.

भय्यासाहेब पूजेवरून उठून आले, रेशमी सोवळं नेसलेले. "वा! आरशासारखा!" म्हणाले, आणि बसले. आणि गेले! सरळ पुढे! पाट मागे, भय्यासाहेब पुढे, पाय भिंतीला!

"अरे, हा पाट आहे का घसरगुंडी!"

अपर्णाताई साडीची ट्रायल घेत होती. शालू नेसूनच बसून बघितलं. तीही गेली. मग चेवाने परत बसली. परत गेली. "बाबा, फेऱ्यांआधीच मी दारापर्यंत पोचते!"

लग्नात सगळे रेशमी नेसणार, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. आमच्याकडे रेशीम कुणी नेसलंय!

मी मान खाली घालून उभा. आणि स्वयंपाकघराच्या दारातून हसणं ऐकू आलं. विजया! पदर तोंडात कोंबला होता तरी थांबेना. डोळ्यांतून पाणी. "मिस्त्री, व्याह्यांच्या पंगतीला हेच ठेवा," मला म्हणाली, "भात मागायला येणारच नाहीत परत!"

सगळेच हसले. मीही. ठेला ढकलत येताना रस्त्यात एकटाच हसत होतो. लोक बघत होते.

४ फेब्रुवारी

सनमायका उचकटायचं काम. फेविकॉल सोडत नाही. बोटं सोलली.

भय्यासाहेबांचा निरोप घेऊन ती आली — दोन पाट जास्त करा. निरोप एका वाक्याचा, थांबली अर्धा तास. कानशीने फळी कशी घासायची विचारलं, घासूनही बघितली. मिस्त्री म्हणाले, "माणिक से साफ घिसती है." चिडलो नाही.

मला म्हणाली, "तुम्ही टिकत नाही म्हणे कुठे."

मी म्हटलं, "कोण म्हणतं?"

मिस्त्रींनी करवत वर केली.

९ फेब्रुवारी

विचारलं.

आज तेवीस पाट नानाखेड्याला पोचवले. ती मागच्या अंगणात गहू निवडत होती. म्हटलं, "विजया, आपला पाट —"

तिने गहू निवडणं थांबवलं नाही. म्हणाली, "माहीत होतं. चार दिवस झाले वाट बघते."

मी उडालोच! पण लगेच म्हणाली, "पाट नको पण. अंधारात, तोंड लपवून, चोरीचा माल नेल्यासारखं — तसं नाही यायचं मला. लग्न करा. दिवसा. बँड लावून, फ्रीगंजातल्या रस्त्यावरून. काय पाप केलंय मी?"

"करू!" म्हटलं.

"तुम्ही काय, हो म्हणाल आणि सुरतेला जाल! तुमच्या आईला विचारा. दिवसा उजेडी सासू माझ्या बाजूला उभी राहिली तरच. नाहीतर मी आहे तिथे बरी आहे. भाकरी माझी मी कमावते."

आणि एक बोलली — "आता अहो-जाहो पुरे. तू म्हणते मी."

११ फेब्रुवारी

मायला कसं सांगू?

माय गावाच्या रीतीबाहेर पाऊल टाकत नाही. काकांच्या घरी पाट लागला तेव्हा तिने मला दाराबाहेर येऊ दिलं नव्हतं. स्वतःही दिवसभर गप्प होती. पाट म्हटला तर एक वेळ हो म्हणेल. दिवसा, बँडसकट? कधीच नाही.

१२ फेब्रुवारी

टावर चौकातल्या पीसीओतून गावातल्या किराणा दुकानात फोन लावला. पोराने मायला शेतातून बोलावून आणलं. आवाज येईना, म्हणून ओरडावं लागलं. सगळं ओरडून!

"माय, लग्न करायचंय!"

"कोणाचं?"

"माझं! पोरगी विधवा आहे!"

बाहेर रांगेतली माणसं पुढे सरकली. एक जण काचेला चिकटलेला.

"माय, पाट नाही! दिवसा! बँड लावून!"

तिकडून नुसती खरखर. मीटर पळतोय. मग म्हणाली, "येते." आणि ठेवून दिला.

येते म्हणजे काय? आशीर्वाद द्यायला का कान उपटायला?

बाहेर आलो तर काचेवाला म्हणाला, "भैया, बँड मेरे जीजा का है." पत्ता हातात दिला!

१७ फेब्रुवारी

अपर्णाताईचं लग्न झालं. तेवीस पाट, भोवती रांगोळ्या, समोर केळीची पानं. एकही माणूस घसरला नाही! वरपक्षाचा एक आजोबा पाटावर थाप मारून म्हणाला, "बैठक आहे ही!" मी खांबाआड उभा राहून ऐकलं. भय्यासाहेबांनी ओढून पंगतीत बसवलं. माझ्याच पाटावर मी! विजयाने वाढलं. जिलब्या मोजल्या नाहीत.

आज सुरत आठवली नाही.

१९ फेब्रुवारी

माय आली. गाठोडं, चटणीची बरणी, आणि तोंड शिवलेलं.

विजयाकडे घेऊन गेलो. विजयाने वाकून नमस्कार केला. मायने तिच्याकडे बघितलं, बघितलं, बघतच राहिली. मग आत जाऊन लसूण सोलायला बसली. विजयाही बसली. दोघी सोलताहेत! भय्यासाहेब मला खुणेने विचारताहेत, काय झालं?

निघताना मायने विचारलं ते एवढंच — "पहिल्या घरी छळ होता का?"

"नव्हता," विजया म्हणाली. "चांगला होता तो."

"मग त्याचा फोटो टाकून देऊ नको," माय म्हणाली.

हे हो आहे का नाही? मिस्त्रींना विचारलं. म्हणाले, "औरतों का लहसुन छिल गया, तो समझ बात बन गई." मला भरवसा नाही.

२० फेब्रुवारी

माय अजून हो म्हणत नाही. रंधा हातात धरून बसलो होतो, फळी उलटी ठेवली होती.

२१ फेब्रुवारी

सकाळी माय म्हणाली, "त्या बँडवाल्याकडे चल." गेलो. त्याने वेळ विचारली. मी तोंड उघडायच्या आत माय म्हणाली, "बाराला. ऊन डोक्यावर पाहिजे."

येताना भर टावर चौकात थांबली. माझ्याकडे बघेना, समोरच्या उसाच्या चरख्याकडे बघून बोलली. "तुझा बाप माझा दुसरा. गोठ्यामागे पाट लागला होता, अंधारात. दिवासुद्धा बारीक केला होता लोकांनी."

मी तिचा हात धरला.

"बँडवाल्याला सांग, जोरात वाजव म्हणावं," माय म्हणाली. "मला नाचायचंय."