शेवटच्या रिळातला नवरा

मंगळ. ८ फेब्रु. ५५
मधल्या सुट्टीत ड्रॉइंगचे मास्तर शिक्षकांच्या खोलीत एकटेच. म्हणाले, "बाई, आपलं ठरून दोन वर्षं झाली. मामांनी माझ्यासाठी दादरचं स्थळ आणलंय, महिनाअखेर उत्तर द्यायचंय. तुम्ही घरी कधी विचारणार?"
विचारणार काय, कपाळ. विधवेने स्वतःच्या लग्नाचा विषय स्वतः कसा काढायचा? दादापुढे तोंड उघडत नाही.

गुरु. १०
युक्ती सापडली! मा.नी नव्या हिंदी सिनेमाची गाण्यांची चोपडी दिली. तीत गोष्ट आहे. नायिका विधवा, नवरा होडी उलटून गेलेला. गावचा डॉक्टर तिला मागणी घालतो, सासूच पुढाकार घेते. शेवटी "पुढचं पडद्यावर पाहा", नेहमीसारखं. पण सासू तयार म्हटल्यावर आणखी काय व्हायचंय? घरच्यांना दाखवायचा. परत येताना विषय आपसूक निघेल. मा. म्हणाले, झकास.

शनि. १२
दादाने उद्याची तिकिटं काढली. वहिनी म्हणाली, "वन्सं, आज स्वतःहून सिनेमा? काय विशेष?" मी काहीतरी पुटपुटले. आईपुढे पाण्याचा तांब्या सांडला, मग परत सांडला. वह्या तपासायच्या राहिल्या. उद्या या वेळेपर्यंत... नको, लिहीत नाही.

रवि. १३
वाट लागली.
मध्यंतरानंतरही सगळं छान चाललेलं. सासूने स्वतः सुनेच्या कपाळाला कुंकू लावलं तेव्हा दादा म्हणाला, "बरोबर केलं म्हातारीने." आणि शेवटच्या रिळात, लग्नाचे चार फेरे झालेले, तीन बाकी, मांडवाच्या तोंडाशी एक दाढीवाला उभा. नवरा! पाच वर्षं कुठल्याशा बेटावर होता म्हणे. लोकांनी टाळ्या पिटल्या. डॉक्टरने हसतमुखाने तिचा हात त्याच्या हातात दिला आणि बॅग उचलून चालता झाला. तिला कोणी विचारलं का? पाच वर्षं काय केलंस, हे त्या दाढीवाल्याला तरी?
आई घरापर्यंत एकच, "देवाने कुंकू राखलं गं पोरीचं." वहिनी, "म्हणून घाई करू नये माणसाने." दादा, "थोडक्यात वाचली ना!"
ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. टायफॉइड. शेवटचं पाणी मी माझ्या हाताने पाजलं. ते कुठल्या बेटावरून येणार? गोष्ट लिहिणाऱ्याला त्या दवाखान्यात एक दिवस बसवायला हवं. राग राग होतोय नुसता.

सोम. १४
मा.ही काल थेटरात होते, आमच्या मागे चार रांगा. म्हणाले, "डॉक्टरच्या आधी मीच उठलो." मला हसू आलं नाही. मग म्हणे, "दुसरा एखादा सिनेमा शोधू का?"
"मास्तर, सिनेमे पुरे."
"मग तुम्ही बोलणार?"
घंटा झाली. बरं झालं. चौथीच्या वर्गावर उगाच ओरडले.

बुध. १६
काही नाही. दादा पेपर वाचत होता. दोनदा त्याच्यासमोर जाऊन बसले, दोनदा उठले. "काय गं, येरझाऱ्या घालतेस?" म्हणाला. पाय दुखतात म्हटलं. आता असलं खोटं बोलवत नाही.

गुरु. १७
शाळेतून आले तर आई तांदूळ निवडत होती. वहिनी माहेरी. मी समोर बसले, खडे शोधता शोधता म्हटलं, "आई, त्या सिनेमात तो आलाच नसता तर?"
"तर काय. उरलेले तीन फेरे घेतले असते."
"आणि तुला चाललं असतं?"
तिचे हात निवडत राहिले. मग थांबले. माझ्याकडे बघितलं तिने.
"कोण आहे?"
मी नाव सांगितलं. शाळेतले, हेही सांगितलं. पुढचं काही तिने विचारलं नाही. पदराने तोंड पुसलं, म्हणाली, "दादा आला की आधी चहा होऊ दे त्याचा."
"तू सांग ना त्याला."
"मी नाही. तूच सांग."
आधण ठेवलंय. साडेसहाला येतो तो. जिन्यात चपला वाजतायत, त्याच्याच