आकारामच्या म्हशीचं चित्र

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. ९ ऑक्टोबर १९७४

तीर्थरूप आबांच्या चरणी विजयमालेचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

मीनामावशीकडे सर्व कुशल आहे. तुमचे पत्र पोचले. बिद्रीच्या शाळेत चित्रकलेच्या बाईंची जागा आहे आणि हेडमास्तर ती तुमच्या शब्दावर दिवाळीपर्यंत राखून ठेवणार आहेत, हे कळले. आपल्या घरातली पहिली पदवी मला मिळाली, तिचे चीज व्हावे ही तुमची इच्छा रास्तच आहे. पण पाडव्यापर्यंतची मुदत तुम्हीच दिली आहे, ती पुरी वापरू द्या. देवांची आणि पुढाऱ्यांची चित्रे सगळेच काढतात. माणसाच्या घरातल्या जनावराचे खरे चित्र काढणारे कोणी नाही, आणि ते मी काढणार आहे.

कामे मिळू लागली आहेत. एका डॉक्टरांचा कुत्रा काढला. तो बसेना, म्हणून झोपलेला काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चित्र छान आहे, फक्त येणारा-जाणारा विचारतो की कधी गेला. निवृत्त मामलेदारांना पोपटाचे चित्र पसंत पडले. पोपट मात्र त्याच्याकडे पाठ करून बसतो.

आता मोठे काम आले आहे. आमच्या गल्लीतल्या आकारामदादा गवळ्यांची म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका आहे म्हणून तिचे नाव चांदी. पाडव्याला शिंगे रंगवून, मोरपिसे बांधून म्हशींची मिरवणूक निघते, तिच्यात चांदी नेहमी पुढे असायची. यंदा ती थकली आहे. पाय उचलत नाही, वैरणीला तोंड लावत नाही. दादांनी ठरवले आहे की म्हैस नाही तर तिचे चित्र मिरवायचे. हे चित्र त्यांना पसंत पडले, तर मी इथेच राहून चित्रे काढीन. नाही पडले, तर मुकाट बिद्रीला येऊन शाळेत रुजू होईन. हा माझा शब्द.

आईस नमस्कार. माझ्यावरचा राग जपून वापरावा, ही विनंती.

तुमची
विजयमाला

---

बिद्री
ता. १७ ऑक्टोबर १९७४

चि. माला हिला आबाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या आईला वाचून दाखीवलं. तिनं ईचारलं, कालेजात म्हशी कुठल्या वर्षाला असत्यात? 

साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर सगळी ईचारत्यात, लेक काय करती. मी म्हणतो, चित्रं काढती. कुणाची, म्हणत्यात. तिथं मला खोकला येतो.

म्हस दारात असताना तिचं चित्र कशाला लागतंय, ते मला कळंना. पर मुदत दिली ती दिली. पाडव्याला मी सोता न्यायला येतो. ट्रंक भरून ठेव. हेडमास्तर भला माणूस हाय, शाळंला पत्रा बी नवा घातलाय.

थंडी पडाय लागली हाय, कान बांधून फिरत जा.

आबा

---

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. १० नोव्हेंबर १९७४

तीर्थरूप आबांस विजयमालेचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

चित्र पुरे झाले. पसंत पडले नाही.

चांदीचा काळा रंग मी निळा आणि तपकिरी मिसळून काढला होता. दादा म्हणाले, ताई, माझी म्हस काळी हाय, निळी न्हाय. मी त्यांना उन्हात नेऊन तिची पाठ दाखवली. ते म्हणाले, ते ऊन हाय, म्हस न्हाय. पुढे शिंगाची गोष्ट निघाली. तिचे डावे शिंग खाली उतरले आहे, तसेच मी काढले. त्यावर ते म्हणाले, फोटोवाला बी नवरीच्या तोंडावरचा डाग पुसतो की, तुमाला एक शिंग उचलवंना व्हय? मी सांगितले की शिंग उचलले तर ती चांदी राहणार नाही. ते म्हणाले, आता तरी कुठं हाय, ही चांदीची सासू दिसती. सगळ्या गल्लीने माना डोलावल्या. मावशी म्हणाली, उचल की गं, तुझ्या बापाचं काय जातंय!

मी शिंग उचललेले नाही. दुसरे चित्र नाही म्हणून दादा हेच मिरवणार आहेत, पण हारांनी जमेल तितके झाकणार आहेत. त्यातून रंगात जवसाचे तेल जास्त पडले, त्यामुळे ते अजून ओलेच आहे.

ट्रंक भरते आहे. आईस सांगावे की रंगांची पेटी मी बरोबर आणणार आहे.

आशीर्वाद होते तेवढेच राहू द्यावेत.

तुमची
विजयमाला

---

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. १७ नोव्हेंबर १९७४

तीर्थरूप आबांस विजयमालेचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पाडव्याला तुमची दिवसभर वाट पाहिली. एस.टी. चुकली, की प्रकृती बरी नाही? लगेच कळवावे.

इथे विपरीत घडले. चांदीला मिरवणूक दिसावी म्हणून दादांनी दारातच बांधली होती. चित्र हातगाडीवरून तिच्यासमोर आले, तशी ती उठली. खुंटा उपटून थेट गाडीपाशी गेली आणि चित्रातल्या चांदीचे तोंड चाटू लागली. हार बाजूला सारून कपाळापासून जबड्यापर्यंत चाटले. हलग्या थांबल्या. एवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडले, वळखलं की वं! म्हशीनं सोताला वळखलं! मग सगळेच ओरडू लागले. आकारामदादा चांदीच्या गळ्यात पडून रडले. ते अर्धे पुसलेले चित्र त्यांनी डोक्यावर घेतले आणि पंचगंगेपर्यंत नेले. काल एक बैलवाला, एक बोकडवाला आणि कबुतरे पाळणारे कृष्णात पेंटर येऊन गेले. पेंटर स्वतःची कबुतरे माझ्याकडून काढून घेणार आहेत.

पण आबा, माझ्या मनाला हे पटत नाही. चित्र ओले होते. चांदी जवसाच्या पेंडीवर वाढलेली आणि त्यात उपाशी. ती तेलाच्या वासाने आली. म्हणजे पसंत पडले ते तेल, चित्र नव्हे. मी दादांना हे स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, ताई, एवढं शिकून असं बोलू नगासा. आता ते तिला पेंड भरवतात आणि ती खाते, ही एक चांगली गोष्ट झाली.

माझा शब्द खऱ्या पसंतीचा होता. ट्रंक भरलेलीच आहे. तुम्ही सांगाल तसे करीन.

तुमची
विजयमाला

---

बिद्री
ता. २१ नोव्हेंबर १९७४

चि. माला हिला आबाचा आशीर्वाद.

एस.टी. चुकली न्हाय. मी आलतो. सायकलच्या दुकानापाशी हुबा हुतो. वळखलं म्हणून वरडला त्यो मीच.

जवसाचा वास मला बी आलता. माझा जलम गोठ्यात गेलाय. पर आकारामचं तोंड बघितलं, तुझं बघितलं, आणि त्वांडातनं निघून गेलं. नंतर तुला गाठलं असतं तर ट्रंक उचलाय लागली असती. म्हणून तसाच माघारी फिरलो. मावशीनं केलेला फराळ ऱ्हायला, त्यो कुणाबरोबर तरी लावून दे.

हेडमास्तरला सांगून आलो, पोरगी येत न्हाय, तिला काम हाय. कसलं, म्हणाला. म्हशीचं, म्हणून मोठ्यानं सांगितलं. खोकला आला न्हाय.

चित्रातलं मला काय कळत न्हाय. पर तेल सगळ्या चित्राला हुतं, पाठीला हुतं, शेपटीला हुतं. तिनं तोंडच चाटलं. ह्याचा इचार तू कर, तू शिकलीयास.

तोंड परत काढशील तवा शिंगाला हात लावू नगंस.

आबा