नर जिथे बसतात

सोमवार, २ फेब्रुवारी
अखेर नोकरी लागली, आणि वर राहायला दोन खोल्याही मिळाल्या. चिंगी आल्या आल्या खिडकीत चढून बसली आणि हे घर आपलंच का, असं चारदा विचारून झालं. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघी माझ्या भावाकडे होतो, वहिनीच्या कपाळावरच्या आठ्या झेलत. आता माझ्या सहा वर्षांच्या लेकीला कोणाच्या दारात उभं राहायला नको.
खाली मित्रकीटकांचं केंद्र आहे. पिकांवरच्या अळ्या मारणाऱ्या, मुंगीएवढ्या गांधीलमाश्या तिथे वाढवतात. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी मी, आणि माझ्या नशिबी अळ्या.

गुरुवार, ५ फेब्रुवारी
आक्का इथल्या सगळ्यात जुन्या. हात चालतो तसं तोंडही. त्यांनी काम शिकवलं. मादी जिवंत अळीत अंडी घालते. पिल्लं अळीला आतून खातात, पण बेतानं. जीव जाईल असा भाग शेवटी. पिल्लं बाहेर पडू लागली की अळी उलट त्यांचीच राखण करते, कोणी जवळ आलं की डोकं आपटते. नर आधी बाहेर पडतात. ज्या अळीत मादी तयार होत आली असेल, तिचा वास त्यांना बाहेरूनच येतो. ते तिथेच ठाण मांडतात, आणि मादीचं डोकं दिसलं न दिसलं तोच तिच्यावर चढतात. नर बसलेल्या अळ्या चिमट्यानं उचलून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायच्या, हे माझं काम.

सोमवार, ९ फेब्रुवारी
एप्रन घरी न्यायचा नाही, इथेच उकळतात, असा नियम. पण सगळ्यांचे एप्रन एकाच पिंपात, आणि वर अळ्यांच्या लेंड्यांचा तवंग. शी. मी माझा गुपचूप वर आणून धुते. तोवर तो दाराआड टांगलेला असतो. आज चिंगी तो गुंडाळून झोपलेली सापडली. चांगली रागावले तिला.

मंगळवार, १७ फेब्रुवारी
चिंगीच्या मानेवर, केसांखाली, बारीक पुटकुळ्या. डॉक्टर म्हणाले, घामोळं आहे. खाज नाही, दुखणं नाही. भूक मात्र राक्षसाची. पातेलं खरवडून खाते, तरी गाल बसलेत.
आक्कांना सहज सांगितलं, तर त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, एप्रन उकळतो तो डागांसाठी नाही, वासासाठी. लेंड्यांच्या वासावरच मादी अळीला शोधते आणि टोचते. मग म्हणाल्या, माणसाला कधी झालं नाही बाई, उगाच घाबरू नकोस.

शुक्रवार, २० फेब्रुवारी
खिडकीत तीन नर. मारले. बोटाला चिकट पिवळं लागलं, दहादा हात धुतले.
दुपारी आणखी पाच. चिंगीच्या उशीवर.

शनिवार, २१ फेब्रुवारी
चिंगी चित्र काढत होती. मानेवर नर. अकरा. झटकले, परत तिथेच. साबण लावला, रॉकेल लावलं. परत तिथेच.
ते का बसतात ते मला — नाही लिहवत.
मीच आणलं हे घरात. माझ्या स्वच्छतेच्या मेल्या हौसेपायी.

रविवार, २२ फेब्रुवारी, सकाळ
आक्का गाडी आणायला गेल्यात. मोठ्या दवाखान्यात न्यायचं. चिमटा उकळून ठेवलाय.
कातडीखाली हलतंय. मला ओकारी आली. पोटच्या पोरीची किळस —
एक बाहेर येतंय. ओलं. नर त्याच्यावर —
चिमटा पुढे केला तर चिंगीनं माझं मनगट धरलं. म्हणाली, आई, हात लावू नकोस, माझी आहेत ती.
मी पुन्हा पुढे गेले. चावली. रक्त —
आता मानेवर दोन्ही हात धरून बसलीये, दाराला पाठ लावून. मी हलले की डोकं आपटते. डोळे माझ्यावर, पण ओळख —
खाली गाडी आली. आक्का हाका मारतायत. उचलून न्यायचं आहे तिला, बस, एवढंच, आपलंच लेकरू आहे, पण माझा हात तिच्याकडे जातच —