हार्मोन घ्यावं की नको

३ मार्च २०२५, सोमवार

आज स्टँडच्या माईकवर भलतंच बोलले! पाचोडची गाडी सात नंबरला लागली होती. समोर कागदावर स्पष्ट लिहिलेलं. बटण दाबलं आणि छातीतून मानेवर आगीचा लोट आला — कान, कपाळ, सगळं पेटलं. डोकं कोरं. तोंडातून निघालं, 'कन्नड'. तेही दोनदा. चुकलंय हे माझं मलाच कळलं नाही.

भामाबाई नावाची एक म्हातारी, कन्नडला निघालेली. पाटी वाचता येत नाही, माझ्या आवाजावर भरवसा ठेवून चढली. गाडीत गर्दी. कंडक्टर तिच्यापर्यंत पोचला तेव्हा पाचोडच्या वाटेवरचं आडूळ मागं पडलेलं. तिचा मुलगा चौकशीच्या खिडकीवर येऊन ओरडला — 'बीपीची पेशंट हाय माझी माय! तुम्हाला वाचता येत नाय का?'

मला! तेवीस वर्षं नोकरी. आधी कंडक्टर, नंतर वाहतूक नियंत्रक. एक तक्रार नव्हती.

साहेबांनी लेखी खुलासा मागितलाय. काय लिहू? पाळी जाऊन सव्वा वर्ष झालं, अंगाची भट्टी होते, रोज घामानं गाऊन बदलावा लागतो, माणसांची नावं आठवत नाहीत — हे लिहू?

५ मार्च

'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' असं लिहून दिलं. साहेब म्हणाले, 'या वेळी सोडतो. पुन्हा झालं तर तुम्हाला माईकवरून काढावं लागेल.'

पासच्या खिडकीवरच्या अमिनाआपांनी ऐकलं. डबा खाताना त्यांना पाळीचं, घामाचं सगळं सांगितलं. म्हणाल्या, 'मेरेकू बी हुआ था. शरमाती काय को? डॉक्टर को दिखा ना.' मी विचारलं, आपा, विसरायलाही व्हायचं? 'अरे, मैं चाबी फ्रिज में रखके घरभर ढूंढती थी!'

हसले. पण भीती गेली नाही. आत्ताच एवढं विसरतेय, तर पुढं काय?

७ मार्च

मोबाईलवर जाहिरात बघून एका क्लिनिकमध्ये गेले. 'नैसर्गिक हार्मोन, शंभर टक्के सुरक्षित.' काउंटरवरच्या मुलीनं ना बीपी बघितलं ना काही विचारलं. डबीत क्रीम काढून दिली. डबीवर कसलंच छापील नाव नाही. मी विचारलं, यात औषध किती? म्हणाली, 'ते तुमच्या प्रकृतीनुसार बनवलेलं असतं.' पण प्रकृती बघितली कधी? मी सांगितलं, माझी थोरली बहीण छातीच्या कॅन्सरनं गेली. तर म्हणते, 'नॅचरल आहे मॅडम. काही होत नाही.'

काही होत नाही! मनाताईसुद्धा हेच म्हणायची. हाताला गाठ लागली तरी सहा महिने म्हणत राहिली — काही होत नाही गं.

डबी तिथंच ठेवून निघाले.

११ मार्च

आपांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी अर्धा तास नुसतं विचारलं. ताईला कितव्या वर्षी झालं? — एकसष्टाव्या. घरात आणखी कुणाला? नाही. पायात कधी रक्ताची गाठ? अर्धशिशी? मधेच रक्त गेलं का?

मग म्हणाल्या, 'अंडाशय आधी जे हार्मोन तयार करायचं, अगदी त्याच घडणीचं औषध मिळतं. बायो-आयडेंटिकल म्हणतात ते हेच. हातावर लावायचं जेल, आणि गर्भपिशवी आहे म्हणून तिच्या अस्तराला जपायला सोबत झोपताना एक कॅप्सूल. पण शरीरातल्यासारखं आहे म्हणजे धोका नाहीच, असं मी म्हणणार नाही.'

त्या 'म्हणणार नाही'मुळंच विश्वास बसला बहुतेक.

आधी मॅमोग्राफी. मंगळवारी.

१८ मार्च

मशीनच्या थंड पाट्यांत छाती दाबली. दुखलं, पण त्याचं काही नाही. फोटो काढून झाल्यावर ती बाई आत गेली. परत आली. 'डावीकडचा परत घेऊ.' मी विचारलं, का? 'असंच.' असंच कुणी परत घेतं?

डावीकडं सावली दिसतेय म्हणे. शुक्रवारी सोनोग्राफी.

ताईचीही डावीच होती.

१९ मार्च

माईकवर एकही चूक नाही. जेवण मात्र गेलं नाही.

२१ मार्च

पाण्याची गाठ आहे! साधी! डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर काळा गोल दाखवला — 'यात भ्यायचं काही नाही.' खुर्चीतच रडले. त्यांनी पाणी दिलं.

मग कागदावर ठिपके काढून दाखवले. औषध न घेणाऱ्या बायकांत किती जणींना छातीचा कॅन्सर होतो, घेणाऱ्यांत किती. थोडे ठिपके जास्त. वर्षं वाढतील तसे आणखी थोडे. 'तुमचा त्रास तुम्हाला माहीत. घाई नाही. घरी बोला, मग ठरवा.'

कागद पर्समध्ये ठेवलाय. सारखा काढून बघते. ते चार जास्तीचे ठिपके — त्यातला एक मी असले तर?

२३ मार्च, रविवार

ह्यांना सांगितलं. ह्यांनी चष्मा लावून औषधाची माहिती मोबाईलवर मोठ्यानं वाचली — स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या... मग मोबाईल उपडा ठेवला. 'कशाला हे? माझ्या आईनं घेतलं होतं का काही?'

मी म्हणलं, तुमची आई दुपारी आंब्याखाली एकटी रडत बसायची. का, ते कुणी विचारलं?

मग म्हणाले, 'केमोला ताईंना मीच नेत होतो. पडेगावच्या घरून दर तीन आठवड्यांनी. पुन्हा ते बघायचं बळ नाय माझ्यात.'



पुण्याला संस्कृतीला फोन केला. पोरगी एवढी भडकली! 'मम्मी, खबरदार! मावशीचं विसरलीस? हार्मोन म्हणजे विष असतं!' आणि फोन ठेवून दिला. लग्नाला तीन वर्षं झाली, एवढ्या मोठ्यानं माझ्यावर कधी ओरडली नव्हती.

२७ मार्च

काल भर बाजारात भाजीवाल्या गोजरबाईचं नाव आठवलं नाही. वीस वर्षं तिच्याकडून भाजी घेते. ती हसली. मी घरी येऊन मोरीत रडले.

आज सुरू केलं. ह्यांच्यासमोरच जेल दंडावर चोळलं. हे उठून गॅलरीत गेले.

संस्कृतीला सांगितलं नाही.

२ एप्रिल

रोज अंघोळीला छाती चाचपते. दोन्हीकडं. मग परत डावीकडं. दुखतीय! फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरुवातीला दुखू शकतं, महिनाभर बघू, गाठ लागली तर लगेच या. गाठ नाही. नाही ना? परत बघितलं. नाही.

९ एप्रिल

सलग सहा तास झोप. घाम नाही!

१६ एप्रिल

दुपारी बारा ते दोन लई गर्दी. एकामागून एक चौदा गाड्या पुकारल्या. एकदाही अडखळले नाही. साहेब खिडकीजवळ थांबून ऐकून गेले. अमिनाआपांनी पलीकडून अंगठा दाखवला.

घरी आले तर हे म्हणतात, 'लावलं का आज?' वर्तमानपत्रातून मान वर न करता! मी म्हणलं, व्हय, लावलं.

भीती आहेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती राहू द्या, तपासण्या चुकवू नका. तेवढ्यावर चाललंय.

२९ एप्रिल

संस्कृती आली आखितीच्या सणाला. एकटीच. वाळलीये. पुरण ढवळताना घाम पुसत होती. उन्हाळाच तसा आहे. मी जेलची ट्यूब कपाटात साड्यांच्या मागं ठेवली. सण होऊन जाऊ दे, उगीच वाद नको.

१ मे

तिला ट्यूब सापडली. हातात घेऊन खोलीत आली, दार लावलं. मी म्हणलं, बेटा, आधी ऐकून घे. ती खाली बसली, माझ्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं. 'मम्मी, मला आठ महिने पाळी आली नाय. दोनदा रक्त तपासलं. अंडाशय थांबलेत म्हणतात. मलाबी हेच दिलंय.' पर्समधून तिची ट्यूब काढली. महिना झाला आणून, सील तसंच.

अठ्ठावीस वर्षांची आहे माझी पोर.