तीन नंबरचा खरा रंग

१४ जून २००३, जालना

दुपारच्या एस.टी.ने पोचले. भुजंग स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा होता. रस्ता खराब हाय मावशी, बोलू नको, जीभ चावशील, असं मला बजावून सगळा रस्ता स्वतःच बोलत राहिला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली म्हणून त्याची बायको आतापासूनच बाळंतपणाला माहेरी गेली आहे, आणि तो दिवसभर एमआयडीसीत बियाण्यांच्या प्लँटवर असतो. त्याच्या आईला, माझ्या आक्काला, सोबत हवी म्हणून मला बोलावलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला कुणी कशासाठी बोलावलं नव्हतं.

आक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. दारातच तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. हातांवर तेच हिरवं गोंदण. मला लहानपणीच औरंगाबादला सिस्टरांच्या शाळेत घातलं, म्हणून मी बिनगोंदणाची राहिले. आक्का अजून चिडवते, शीला म्हंजी कोरी पाटी.

१६ जून

मागच्या खोलीत भुजंगचं खूळ आहे. काचेच्या नंबर घातलेल्या पेट्या आणि त्यांत विकत आणलेल्या, बिबट्यासारख्या ठिपक्यांच्या बिबट्या पाली. घरातल्या पालीसारख्या त्या भिंतीवर चढत नाहीत, आणि त्यांना पापण्या असतात. डोळे मिटून उघडले की वाटतं, ओळख दाखवली. आक्का म्हणते, सून पाळणा भराया माहेरी गेली अन् ह्यानं इकडं पालींनीच भरला.

रातकिड्यांना चुन्यासारखी पांढरी भुकटी लावून ते पेटीत सोडायचे, आणि लाईट गेली की पेटीखाली गरम पाण्याची पिशवी ठेवायची, हे काम आता माझं. भुजंगने समजावून सांगितलं. पिलं असताना सगळ्यांना काळे-पिवळे पट्टेच असतात. विकणारे तेव्हाच हा अमका रंग, तो तमका रंग म्हणून मोकळे होतात, ते सगळं झूट. दर कातीला पट्टे तुटतात, ठिपके होतात. वर्षभर थांबल्याबिगर खरा रंग कळत न्हाई मावशी, बियाण्यावानीच. पीक उभं राहू द्यावं, मंग जात सांगावी.

२ जुलै

संध्याकाळी ओट्यावर बसून आक्काचं गोंदण ऐकलं. दंडावरची तुळस सासूने गोंदवून घेतली. हनुवटीवरचा ठिपका लग्नातला. आणि मनगटावरचे पाच ठिपके माझे. मी जन्मले त्या साली पिंपळगाव रेणुकाईच्या जत्रेत तिने आपण होऊन गोंदणारणीपुढे हात धरला. का, तर मला बहीन झाली हे इसरू नये म्हणून. मेल्यावर आंगावरचं सोनं काढून घेतेत, म्हणाली, हे कोन काढनार?

९ ऑगस्ट

तीन नंबरच्या पेटीतल्या पालीने कात टाकली. तोंडाने ओढून सगळी खाऊनही टाकली. तसंच असतं म्हणे. खाली पिवळ्या पाठीवर हिरवट ठिपके आले आहेत. भुजंग खूष. हा रंग कुठल्याच पुस्तकात नाही, बिलकुल कुणाला सांगू नको, म्हणाला. मला ते ठिपके तुळशीसारखे दिसले. म्हातारपणी ढगांतही देव दिसतात.

११ ऑगस्ट

आक्काच्या हातांना तेल लावलं. दंडावर तुळस नाही. कातडी स्वच्छ, जणू तिथे कधी काही नव्हतंच. विचारलं तर म्हणाली, कोन्ती तुळस? मला सासू कुठं होती?

३ सप्टेंबर

भुजंग तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. वयाचं विसरणं, गोळ्या दिल्या. गोंदणाचं मी सांगितलं, तर म्हणाला, जुनी शाई हाय मावशी, उडायचीच. मी त्याला तीन नंबरपाशी नेलं. त्याला फक्त रंग दिसला.

२१ सप्टेंबर

तीन नंबरने पुन्हा कात टाकली. गळ्याखाली एक ठिपका. आक्काची हनुवटी कोरी.

भुजंग कामावरून आला तेव्हा आक्काने परक्या पुरुषापुढे ओढावा तसा पदर ओढला आणि मला हळूच विचारलं, हे पाव्हणे कोन? तो डबा दारातच ठेवून मागच्या खोलीत गेला.

४ ऑक्टोबर

आज त्या पालीला कंपाउंडबाहेर टाकायचं ठरवून बाहेर काढलं. माझ्या तळहातावर निमूट बसली. डोळे मिटले, उघडले. पाठीवर आक्काची तुळस, गळ्याखाली आक्काचं लग्न. ही रानात गेली तर ते सगळंच जाईल.

परत ठेवली. लाईट गेली होती. पिशवी गरम केली.

१७ ऑक्टोबर

तीन नंबरचं अंग पांढरं पडत चाललंय. कात येणार. आक्काच्या मनगटावरचे पाचच उरलेत. फडक्याने घट्ट बांधून ठेवलेत. दिवसभर हात सोडला नाही.

१९ ऑक्टोबर

कात टाकली. तीन नंबरच्या पाठीवर पाच हिरवे ठिपके. इकडे फडकं होतं तसंच होतं. आतला हात कोरा.

आक्का म्हणाली, बाई, तुम्ही कोनाकडच्या?

२० ऑक्टोबर

माझ्या पेनाने तिच्या मनगटावर पाच ठिपके काढले. काढता काढता सांगत गेले. जत्रा, गोंदणारीण, पुढे केलेला हात, पाळण्यातली मी. तिने एकेका ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, शीला.

आता रोज काढेन. शाई धुतली जाते, पण रोज काढेन.

६ नोव्हेंबर

भुजंगला मुलगी झाली. मी ठिपके काढून सांगितलं, तुला नात झाली. आक्का हसली.

तीन नंबर पुन्हा पांढरी पडलीय. पण आता आक्काकडे घेण्यासारखं काहीच —

९ नोव्हेंबर

तीन नंबरच्या पाठीवर नवे पाच. हिरवे नाहीत. निळे. माझी शाई निळी —

आक्काला अजून न्हाऊ घातलं नव्हतं, तरी मनगट कोरं. पेन घेऊन बसले. पाच काढायचे हे आठवतंय. पण सोबत काय सांगायचं — कुठलीशी जत्रा होती —

१२ नोव्हेंबर

आज तीनच काढले. बरोबर वाटेनात. पुसले.

भुजंग मला मावशी म्हणतो. मी कुणाची बहीण, ते त्याला विचारायचं राहून —

१५ नोव्हेंबर

या घरात एक म्हातारी आहे. फार गोड आहे. माझ्याशेजारीच बसते. माझी बोटं शाईने भरलेली. सकाळपासून ती आपलं मनगट माझ्यापुढे धरून बसली आहे आणि काहीतरी मागते आहे, पण काय ते तिलाही सांगता येत नाही. पेन माझ्या हातात आहे. मी तिला म्हटलं, सांगा ना बाई, काय काढू, आणि तिने माझा चेहरा दोन्ही