दाजींचं उदाहरण

॥ श्री खंडेराय प्रसन्न ॥
सातपूर, नाशिक
ता. १९ नोव्हेंबर २००४

चि. दत्तूस,

आक्काचे आशीर्वाद. देवाने तुम्हाला सुखात ठेवलं असेल असं धरून लिहिते. मोहिनीची कंबर आता कशी आहे? माझ्या उज्वलाला तिच्या हाताखाली स्वैपाकाला लावत जा. मामाकडे शिकायला ठेवली म्हणून नुसती पुस्तकं घेऊन बसू देऊ नकोस. इकडे थंडी पडली. बाजरी स्वस्त मिळाली, ती भरून ठेवली.

तू लिहिलंस की कांद्याचे पैसे हातात आले की नामपूरची तरणी पोरं लॉटरीच्या दुकानात जाऊन बसतात, म्हणून नववीला सांख्यिकी शिकवताना लॉटरीचेच आकडे घेणार. शाळेतच हिशोब कळला तर पुढे नाद लागणार नाही. कल्पना चांगली आहे. पण नाव न घेता दाजींचं उदाहरण सांगू का, असं विचारलंस, त्याची गरज नाही. दाजींचं आता तसं काही राहिलं नाही. कधीमधी दहा रुपयांचं तिकीट घेतात, तेवढं कोण घेत नाही? कामावर जातात. शिवाय त्या वर्गात उज्वला बसते.

दिवाळीत तिने देव्हाऱ्यातले चांदीचे टाक कुठे गेले म्हणून विचारलं होतं. सोनाराकडे उजळायला दिलेत, तिथे गर्दी आहे, असं तिला परत सांग.

तुझी,
आक्का

॥ श्री खंडेराय प्रसन्न ॥
सातपूर
ता. २ डिसेंबर २००४

चि. दत्तूस,

आशीर्वाद. तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. रोज लिहायला बसत होते आणि उठत होते.

दाजी सुधारले तर त्यांनाच शाळेत बोलावतो, असं तू लिहिलंस. कंपनीत तक्ते कसे मांडतात ते दाखवतील आणि लॉटरी कशी सुटली तेही पोरांना सांगतील. उज्वलाही वर्गभर सांगत सुटली आहे म्हणे, माझे बाबा येणार. हे माझ्या मागच्या पत्रामुळे झालं.

दत्तू, त्यांना बोलावू नकोस.

दाजी कंपनीत तपासणीला होते, हे तुला माहीत आहे. मशीनमधून निघालेल्या पिना उचलायच्या, माप घ्यायचं, तक्त्यावर ठिपका मांडायचा. ठिपके एका बाजूला सरकत चालले की मशीन बिघडलं, आता ते परत जागेवर आणलं जाणार, हे यांना साहेबाच्या आधी कळायचं. कंपनीने त्याचा वर्ग घेतला त्यात हे पहिले आले. तेच त्यांनी लॉटरीला लावलं. निघालेला प्रत्येक आकडा तक्त्यावर मांडतात. म्हणतात, "साताचा आकडा किती दिवस आलेला नाही बघ. आता मशीन जागेवर येणार."

मी म्हटलं, "अहो, ते काय तुमच्या कंपनीचं मशीन आहे?"

"तू मॅट्रिक. तुला सरासरीतलं काय कळतं?"

"मला डब्यातलं तेल कळतं. फार दिवस आणलं नाही म्हणून ते आपोआप येत नाही."

हसले. चप्पल घालून गेले. दुकानात त्यांना 'सर' म्हणतात. लोक त्यांचा तक्ता बघून पैसे लावतात, चहा पाजतात.

तेव्हा शाळेत हे गणित शिकवलं तर नाद लागत नाही, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आमच्या घरात गणित होतं, त्याच्याच जोरावर नाद वाढला. पण निघणारा आकडा मागच्या आकड्याला ओळखत नाही, एवढं मात्र यांना कोणी सांगितलं नाही. कंपनीला त्याची गरज नव्हती. तू शिकवणार असलास तर आधी ते शिकव.

कामावर जातात, हेही मी खोटं लिहिलं. पाळ्या चुकवल्या म्हणून पावसाळ्यातच कमी केलं. अजून डबा घेऊन निघतात, शेजारी विचारतील म्हणून मीही भरून देते.

आणि टाक. नवरात्राआधी दरवर्षीसारखे मीच त्यांच्या हातात दिले, उजळून आणा म्हणून. रिकाम्या हाताने आले. म्हणाले, "महिन्यात सोन्याचे करून आणतो." मी भांडले नाही. देवाच्या नैवेद्याचं ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "घ्या, आता तुम्हीच जेवा." जेवले रे. देव्हाऱ्यात सुपाऱ्या मांडल्या आहेत. चंपाषष्ठीची तळी यंदा त्या सुपाऱ्यांवरच उचलायची.

तू बोलावलंस तर दाजी नक्की येतील. इस्त्रीचा शर्ट घालून, तक्त्यांची गुंडाळी काखेत घेऊन येतील. शिकवतीलही चांगलं, पोरं खूश होतील. आणि तास संपता संपता फळ्यावर उद्याचा आकडा लिहून देतील. त्यांना त्यात काही वावगं वाटणार नाही. उज्वला पहिल्या बाकावरून तो उतरून घेईल.

म्हणून तूच उभा राहा. उदाहरण दाजींचंच घे, मशीन आणि ठिपक्यांसकट सगळं सांग. नाव घेतलं नाहीस तरी ती ओळखेल. तेव्हा आदल्या दिवशी तिला घरी जवळ बसवून हे पत्र वाचून दाखव. बाबा का येत नाहीत ते तिला वर्गात कळायला नको. मोहिनीला तिच्याजवळ झोपव.

तुम्हां सर्वांना आशीर्वाद. ते माझ्या एकटीचे धर, दाजींना या पत्राचं सांगितलेलं नाही.

तुझी,
आक्का